डेस्कटॉप संगणकावर डेटाबेस ड्रायव्हर आणि डेटा सोर्स कसे बसवावेत

डेटाबेस एका संगणकावर असतो आणि त्यातील माहिती हवी असते दुसऱ्या संगणकावरच्या एक्सेलमध्ये, ॲक्सेसमध्ये किंवा अहवाल काढणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये. ही जोडणी करण्याचे अनेक मार्ग आहेत आणि त्यांपैकी ओडीबीसी (ओपन डेटाबेस कनेक्टिव्हिटी) हा जुना असूनही आजही रोजच्या वापरात असलेला मार्ग आहे. मायक्रोसॉफ्टने त्याची पहिली आवृत्ती १९९२ मध्ये आणली. प्रत्येक प्रोग्रॅमने प्रत्येक डेटाबेसची भाषा शिकण्याऐवजी सर्व प्रोग्रॅमनी एकाच ठरावीक पद्धतीने मागणी करावी आणि त्या मागणीचे त्या त्या डेटाबेसच्या भाषेत रूपांतर करण्याचे काम ड्रायव्हरने करावे, ही त्यामागची कल्पना होती. ती आजही तशीच चालू आहे.

या लेखात विंडोज संगणकावर पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसचा ड्रायव्हर बसवून डेटा सोर्स (कोणता ड्रायव्हर, सर्व्हर आणि डेटाबेस वापरायचा याची नावाने ठेवलेली नोंद) तयार करण्याची कृती सविस्तर दिली आहे. मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर यांच्या बाबतीत जिथे फरक पडतो, तिथे तो सांगितला आहे. पडद्यावरची बटणे आणि टॅब यांची नावे इंग्रजीत दिसतील. येथे ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत.

हे काम करणारे बहुतेक जण थेट ड्रायव्हर उतरवून घेण्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते तो क्रम चुकीचा आहे. आधी प्रोग्रॅम पाहावा, त्यावरून ड्रायव्हर ठरवावा आणि डेटा सोर्स सर्वांत शेवटी तयार करावा. असे का, हे समजण्यासाठी आत काय घडते ते थोडक्यात पाहू.

आत काय घडते

एक्सेलने एखादा डेटा सोर्स उघडायचा ठरवला की ते विंडोजमधील ड्रायव्हर मॅनेजरकडे त्या सोर्सचे नाव देते. हे नाव म्हणजेच डीएसएन, अर्थात डेटा सोर्स नेम. ड्रायव्हर मॅनेजर हे नाव रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, शोधतो आणि त्या नावापुढे कोणता ड्रायव्हर, कोणता सर्व्हर आणि कोणता डेटाबेस नोंदवला आहे ते वाचतो. मग तो ड्रायव्हरची डीएलएल फाइल मेमरीत आणतो. महत्त्वाची गोष्ट अशी की ही फाइल वेगळा प्रोग्रॅम म्हणून चालत नाही, तर एक्सेलच्याच प्रक्रियेच्या आत बसून चालते. प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर ३२-बिट किंवा ६४-बिट अशा दोन प्रकारचे असतात, आणि विंडोजमध्ये ६४-बिट प्रक्रियेत ३२-बिट डीएलएल बसू शकत नाही आणि उलटही होत नाही. म्हणून ड्रायव्हर किती बिटांचा हवा हे ना विंडोज ठरवते, ना सर्व्हर. ते फक्त ज्या प्रोग्रॅममधून जोडणी करायची तो प्रोग्रॅम ठरवतो.

माझ्या अनुभवात या कामात वाया जाणाऱ्या वेळेपैकी मोठा भाग या एकाच गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे जातो. संगणक ६४-बिट आहे, म्हणून ६४-बिट ड्रायव्हर बसवला जातो, त्याची चाचणी यशस्वी होते आणि तरीही प्रोग्रॅममध्ये तो सोर्स दिसत नाही, कारण तो प्रोग्रॅम जुना आणि ३२-बिट असतो.

प्रोग्रॅम किती बिटांचा आहे हे कसे ओळखावे

एक्सेल किंवा ॲक्सेसमध्ये फाइल मेनूतील अकाउंट उघडावे आणि अबाउट एक्सेल किंवा अबाउट ॲक्सेस हे बटण दाबावे. वर येणाऱ्या पहिल्याच ओळीत आवृत्तीच्या क्रमांकापुढे ३२-बिट किंवा ६४-बिट असे लिहिलेले असते. इतर प्रोग्रॅमसाठी टास्क मॅनेजर उघडून डिटेल्स टॅबमध्ये जावे, स्तंभांच्या शीर्षकावर उजवी क्लिक करून सिलेक्ट कॉलम्समधून प्लॅटफॉर्म हा स्तंभ निवडावा. मग चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमपुढे त्याचे बिट दिसतात. एकाच संगणकावर ३२-बिट आणि ६४-बिट असे दोन्ही प्रकारचे प्रोग्रॅम तोच डेटाबेस वापरणार असतील, तर दोन्ही ड्रायव्हर बसवावेत. ते एकमेकांच्या आड येत नाहीत.

अपवाद आहे तो ॲक्सेसच्या स्वतःच्या ड्रायव्हरचा. ॲक्सेसच्या फाइली वाचणारे ॲक्सेस डेटाबेस इंजिन हे ऑफिसशी जोडलेले असते, आणि ३२-बिट ऑफिस असलेल्या संगणकावर ६४-बिट इंजिन बसवू लागल्यास इन्स्टॉलर सहसा नकार देतो. त्या ठिकाणी ऑफिसच्या बिटांशी जुळवून घेणे हाच सरळ मार्ग आहे.

ड्रायव्हर बसवण्याआधी सर्व्हरची खात्री

ड्रायव्हरला हात लावण्याआधी त्या डेस्कटॉपवरून सर्व्हरपर्यंत वाट मोकळी आहे का, हे पाहावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग ड्रायव्हरच्या खिडकीत तासभर निरनिराळे पर्याय बदलत बसतात, जेव्हा खरी अडचण फायरवॉलमध्ये, म्हणजे नको असलेल्या जोडण्या अडवणाऱ्या यंत्रणेत, असते.

त्यासाठी सर्व्हरचे नाव किंवा आयपी पत्ता आणि पोर्ट क्रमांक (सर्व्हर ज्या क्रमांकावर जोडण्या स्वीकारतो तो) हवा. नेहमीचे क्रमांक ठरलेले आहेत: पोस्टग्रेस्क्यूएलसाठी ५४३२, मायएसक्यूएलसाठी ३३०६, एसक्यूएल सर्व्हरसाठी १४३३ आणि ओरॅकलसाठी १५२१. सर्व्हर सांभाळणाऱ्याने ते बदललेले असू शकतात, म्हणून विचारून घ्यावे. पॉवरशेल (विंडोजमधील आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडून टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा सर्व्हरचे नाव आणि पोर्ट देऊन चालवावी. उत्तराच्या शेवटच्या ओळीत टीसीपी चाचणी यशस्वी झाल्याचे, म्हणजे ट्रू असे दिसले, तर वाट मोकळी आहे. फॉल्स दिसले तर ड्रायव्हर कितीही चांगला असला तरी काही होणार नाही. नुसते पिंग यशस्वी होण्याला येथे अर्थ नाही, कारण पिंग पोर्टपर्यंत जातच नाही.

पोस्टग्रेस्क्यूएलच्या बाबतीत वाट बंद असण्याची दोन नेहमीची कारणे आहेत. हा सर्व्हर मुळात फक्त स्वतःच्याच संगणकावरून आलेल्या जोडण्या स्वीकारतो. बाहेरच्या जोडण्या घ्याव्यात असे त्याच्या मुख्य सेटिंगच्या फाइलीत, ऐकण्याचे पत्ते या नोंदीत सांगावे लागते आणि त्यानंतर सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. दुसरे म्हणजे, कोणत्या पत्त्यावरून कोणत्या खात्याने कोणत्या डेटाबेसमध्ये यावे याची यादी पीजी-एचबीए नावाच्या वेगळ्या फाइलीत असते. पहिले कारण असेल तर पोर्टची चाचणीच अपयशी ठरते. दुसरे असेल तर पोर्ट उघडा दिसतो, पण जोडणी करताना आपल्या पत्त्यासाठी या फाइलीत नोंद नाही असा संदेश येतो. ही यादी बदलल्यावर सर्व्हर बंद-चालू करण्याची गरज नसते, नवी सेटिंग वाचायला लावली की पुरते.

वेगळे खाते मागून घ्यावे

डेस्कटॉपवरून माहिती फक्त वाचायची असेल, तर फक्त वाचण्याचा अधिकार असलेले वेगळे खाते मागून घ्यावे. याबाबत मी आग्रही आहे. प्रशासकाच्या खात्याने जोडलेल्या ॲक्सेसच्या टेबलात एखाद्याने चुकून एक ओळ निवडून डिलीटचे बटण दाबले, तर ती ओळ खऱ्या डेटाबेसमधून जाते. ॲक्सेस एकदा विचारते, पण घाईत असलेला माणूस होय म्हणतो. वाचनापुरते खाते असेल, तर सर्व्हरच नकार देतो आणि विषय तिथे संपतो.

पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये असे खाते तयार करताना डेटाबेसशी जोडण्याचा, स्कीमा (डेटाबेसमधील टेबलांचा गट) वापरण्याचा आणि त्यातील टेबले वाचण्याचा असे तीन अधिकार द्यावे लागतात. सर्व टेबलांवर वाचनाचा अधिकार दिला, तरी तो त्या क्षणी अस्तित्वात असलेल्या टेबलांपुरताच असतो. महिन्याभराने कोणी नवे टेबल तयार केले की ते यादीत दिसते, पण उघडत नाही, आणि मग दोष ड्रायव्हरला दिला जातो. पुढे तयार होणाऱ्या टेबलांसाठीचा मूलभूत अधिकार वेगळ्या आज्ञेने ठरवावा लागतो. हे सर्व्हर सांभाळणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे.

ड्रायव्हर बसवणे

ड्रायव्हर नेहमी डेटाबेस बनवणाऱ्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. पोस्टग्रेस्क्यूएलच्या ड्रायव्हरला पीएसक्यूएल-ओडीबीसी म्हणतात आणि त्याचे इन्स्टॉलर दोन असतात: नावात एक्स६४ असलेला ६४-बिटसाठी आणि एक्स८६ असलेला ३२-बिटसाठी. इन्स्टॉल करायला प्रशासकाचे अधिकार लागतात. मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरला व्हिज्युअल सी++ चे रनटाइम संगणकावर असावे लागते. ते नसेल, तर ड्रायव्हर यादीत दिसूनही मेमरीत येताना अडू शकतो आणि सिस्टम एरर १२६ असा क्रमांक दाखवतो. हा क्रमांक दिसला की ड्रायव्हरची फाइल किंवा तिला लागणारी एखादी दुसरी फाइल सापडली नाही असे समजावे.

इन्स्टॉल झाल्यावर यादीत एकाच्या जागी दोन नावे दिसतात, एक युनिकोड आणि एक आन्सी. देवनागरी मजकूर ज्यात आहे किंवा कधीही येऊ शकतो, अशा डेटाबेससाठी युनिकोडच निवडावा. आन्सी ड्रायव्हर मजकूर संगणकाच्या जुन्या कोडपेजमध्ये, म्हणजे अक्षरांच्या मर्यादित संचात, बदलतो, आणि ज्या अक्षराला त्या कोडपेजमध्ये जागा नाही त्याच्या ठिकाणी प्रश्नचिन्ह येते. नावांचा पूर्ण स्तंभ प्रश्नचिन्हांनी भरलेला दिसला, तर डेटाबेस बिघडला असे समजून घाबरू नये, फक्त वाचताना आन्सी ड्रायव्हर वापरला गेलेला असतो. मात्र त्याच आन्सी ड्रायव्हरमधून कोणी नोंदी लिहिल्या असतील, तर ती प्रश्नचिन्हे खरोखरच साठवली गेलेली असतात आणि मूळ अक्षरे परत मिळत नाहीत. मायएसक्यूएलमध्ये याच्या जोडीला टेबलाचा कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ एमबी-४ आहे ना हेही पाहावे, आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये असा मजकूर एन-व्हारकॅर प्रकारच्या स्तंभात असणे ही नेहमीची पद्धत आहे.

योग्य खिडकी उघडणे

डेटा सोर्स तयार करण्याच्या साधनाचे नाव ओडीबीसी डेटा सोर्स ॲडमिनिस्ट्रेटर असे आहे. ६४-बिट विंडोजवर अशी दोन साधने असतात. स्टार्ट मेनूत ओडीबीसी अशी अक्षरे टाइप केली की दोन्ही समोर येतात आणि त्यांच्या नावापुढे कंसात ३२-बिट किंवा ६४-बिट असे लिहिलेले असते. आपला प्रोग्रॅम जितक्या बिटांचा, तितक्याच बिटांचे साधन उघडावे.

जुन्या सूचनापत्रांत मात्र फोल्डरच्या मार्गाने जायला सांगितलेले असते आणि तिथे मोठा घोटाळा होतो. दोन्ही साधनांच्या फाइलींचे नाव एकच आहे, ओडीबीसीएडी३२. नावात ३२ असलेली सिस्टम३२ फोल्डरमधली फाइल ही ६४-बिट असते आणि सिसवाव६४ या फोल्डरमधली ३२-बिट. हे उलटे वाटते, पण जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून विंडोजने सिस्टम३२ हे जुने नाव तसेच ठेवले आणि ३२-बिट फाइलींना दुसऱ्या घरात हलवले.

साधन उघडल्यावर सर्वांत आधी ड्रायव्हर्स टॅबमध्ये जावे आणि आपला ड्रायव्हर यादीत आहे का, हे पाहावे. नसेल, तर एकतर ड्रायव्हर दुसऱ्या बिटांचा बसला आहे किंवा खिडकी दुसऱ्या बिटांची उघडली आहे.

युजर, सिस्टम की फाइल

डेटा सोर्स तीन प्रकारचे असतात. युजर डीएसएन हा फक्त तो तयार करणाऱ्या विंडोज खात्याला दिसतो. सिस्टम डीएसएन त्या संगणकावरील सर्व खात्यांना आणि पार्श्वभूमीत चालणाऱ्या सेवांनाही दिसतो. तो तयार करायला प्रशासकाचे अधिकार लागतात. फाइल डीएसएन ही एक साधी मजकुराची फाइल असते आणि ती सामायिक फोल्डरमध्ये ठेवून अनेक संगणकांवरून वापरता येते, पण ड्रायव्हर प्रत्येक संगणकावर बसवावाच लागतो.

एका ठिकाणी मी स्वतःच्या खात्यातून युजर डीएसएन तयार केला होता. अहवाल हाताने चालवला की व्यवस्थित निघत असे, पण रात्री ठरलेल्या वेळी आपोआप चालणारा तोच अहवाल रोज रिकामा येत असे. रात्रीचे काम वेगळ्या सेवा-खात्यातून चालते आणि त्या खात्याच्या दृष्टीने तो डेटा सोर्स अस्तित्वातच नाही, हे लक्षात यायला मला दोन दिवस लागले. तेव्हापासून आपोआप चालणारे कोणतेही काम असेल, तिथे मी सिस्टम डीएसएनच करतो. ॲक्सेस किंवा एक्सेलची फाइल हाच डेटा सोर्स असेल, तर अशा कामात आणखी एक पथ्य पाळावे: फाइलीचा मार्ग ड्राइव्हच्या अक्षराने न देता सर्व्हर आणि सामायिक फोल्डरच्या पूर्ण नावाने द्यावा, कारण आपण जोडलेले ड्राइव्हचे अक्षर त्या सेवा-खात्याला दिसत नाही.

प्रत्यक्ष भरणे

सिस्टम डीएसएन टॅबमध्ये ॲड हे बटण दाबावे. ड्रायव्हरांची यादी येईल. ६४-बिट खिडकीत पोस्टग्रेस्क्यूएल युनिकोड या नावापुढे कंसात एक्स६४ असे दिसते. ते निवडून फिनिश दाबले की ड्रायव्हरची स्वतःची छोटी चौकट उघडते. समजा, डेटाबेसचे नाव (रोमन लिपीत, सर्व लहान अक्षरांत) ग्रंथसंग्रह असे आहे आणि सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.२० आहे.

डेटा सोर्स या रकान्यात आपण ठरवलेले नाव लिहावे. हे नाव ३२ अक्षरांपेक्षा लांब असू नये आणि त्यात कंस, स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह, बरोबरचे चिन्ह, उलटी तिरपी रेघ अशी चिन्हे चालत नाहीत. जुन्या प्रोग्रॅमचा विचार करून मी हे नाव रोमन लिपीत, जागा न सोडता लिहितो आणि त्यात सर्व्हरचे नाव येऊ देत नाही, कारण उद्या सर्व्हर बदलला तरी सोर्सचे नाव तेच राहिले पाहिजे. डीएसएनचा खरा उपयोग तोच आहे: पत्ता एका ठिकाणी बदलला की त्या संगणकावरचे सर्व अहवाल नव्या ठिकाणी जातात.

डेटाबेस या रकान्यात ग्रंथसंग्रहचे नाव सर्व्हरवर जसे आहे अगदी तसे लिहावे. पोस्टग्रेस्क्यूएल येथे लहान-मोठ्या रोमन अक्षरांत फरक करते, त्यामुळे पहिले अक्षर मोठे लिहिल्यास असा डेटाबेसच नाही असे उत्तर येते. सर्व्हरच्या रकान्यात पत्ता, पोर्टमध्ये ५४३२, युजर नेममध्ये वाचनापुरते मिळालेले खाते लिहावे. एसएसएल मोड या यादीत डिसेबलपासून व्हेरिफाय-फुलपर्यंत पर्याय असतात. माहिती कार्यालयाच्या जाळ्याबाहेरून जात असेल, तर किमान रिक्वायर निवडावे. रिक्वायरमध्ये वाहतूक सांकेतिक होते, पण समोरचा सर्व्हर खरा आहे का याची पूर्ण तपासणी फक्त व्हेरिफाय-फुलमध्ये होते.

आता टेस्ट दाबावे. कनेक्शन सक्सेसफुल असा संदेश आला की लगेच सेव्ह करण्याऐवजी डेटासोर्स हे बटण दाबून पुढील पर्याय एकदा पाहून घ्यावेत. दुसऱ्या पानावर रीड ओन्ली अशी खूण करण्याची जागा असते. वाचनापुरते खाते असले तरी मी तिथेही खूण करतो. पहिल्या पानावर बूल्स ॲज कॅर हा पर्याय आहे. होय-नाही प्रकारचे स्तंभ ॲक्सेसमध्ये वापरायचे असतील, तर ही खूण काढावी, नाहीतर ते स्तंभ मजकूर म्हणून येतात आणि त्यांच्यावर गाळणी लावताना विचित्र उत्तरे मिळतात. बाकीच्या पर्यायांना कारण नसताना हात लावू नये.

मायएसक्यूएलची चौकट जवळपास अशीच आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका चौकटीऐवजी एकामागून एक पाने येतात. तिथे दोन जागी थांबून विचार करावा. एक, डीफॉल्ट डेटाबेस बदलण्याची खूण. ती केली नाही, तर बहुधा मास्टर हा यंत्रणेचा डेटाबेस उघडतो आणि आपली टेबले कुठे गेली असा प्रश्न पडतो. दोन, सांकेतिकरणाचा पर्याय. ओडीबीसी ड्रायव्हर १८ पासून जोडणी सांकेतिक असणे हे मूळचेच सक्तीचे झाले आहे, आणि सर्व्हरचे प्रमाणपत्र विश्वासार्ह संस्थेचे नसेल, तर ते प्रमाणपत्र विश्वासार्ह नाही असे सांगून जोडणी तुटते. ड्रायव्हर १७ वर चालणारी तीच सेटिंग १८ वर बंद पडली, तर बहुतेक वेळा कारण हेच असते. ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट अशी खूण करून काम भागते, पण योग्य उपाय म्हणजे सर्व्हरवर नीट प्रमाणपत्र बसवून घेणे. सर्व्हरच्या नावापुढे पोर्ट लिहायचा असेल, तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये तो स्वल्पविराम देऊन लिहितात, विसर्गासारखी दोन टिंबे देऊन नाही.

प्रोग्रॅममधून वापरणे

एक्सेलमध्ये डेटा टॅबमधील गेट डेटा, त्यातील फ्रॉम अदर सोर्सेस आणि मग फ्रॉम ओडीबीसी या वाटेने जावे. यादीतून आपला सोर्स निवडल्यावर खात्याची माहिती विचारली जाते. डेटा सोर्समध्येच पासवर्ड साठवलेला असेल, तर डीफॉल्ट ऑर कस्टम निवडावे. नसेल, तर डेटाबेस या टॅबमध्ये खाते आणि पासवर्ड द्यावा. एक्सेल ही माहिती त्या सोर्ससाठी लक्षात ठेवते. म्हणून पहिल्यांदा चुकीचे खाते दिले गेले किंवा नंतर पासवर्ड बदलला, तर गेट डेटामधील डेटा सोर्स सेटिंग्जमध्ये जाऊन क्लिअर परमिशन्स करावे लागते. टेबल थेट उतरवण्याआधी त्यात किती नोंदी आहेत ते पाहावे, कारण एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळींपेक्षा जास्त मावत नाहीत. गाळणी क्वेरीतच, म्हणजे सर्व्हरकडे जाणाऱ्या मागणीतच, लावणे हे संगणकासाठीही आणि सर्व्हरसाठीही बरे.

ॲक्सेसमध्ये टेबल जोडताना कधी कधी ॲक्सेस प्रत्येक नोंद ओळखण्यासाठी अद्वितीय स्तंभ कोणता, असे विचारते. सर्व्हरवरील टेबलाला प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारा ठरवलेला स्तंभ) नसल्याची ती खूण आहे. तिथे खरोखर अद्वितीय नसलेला स्तंभ निवडला, तर काही नोंदी दोनदा दिसतात किंवा त्यांच्या जागी डिलीटेड असे शब्द येतात. सर्व्हरवरच की तयार करून घ्यावी.

चुकांचे संदेश कसे वाचावेत

संदेश लांबलचक असतो, पण त्यातला पाच अक्षर-अंकांचा संकेत हाच कामाचा भाग आहे. आयएम००२ म्हणजे त्या नावाचा सोर्स सापडला नाही. आधी स्पेलिंग पाहावे, मग युजर की सिस्टम ते, मग बिट. आयएम०१४ म्हणजे सोर्स सापडला, पण त्याचे बिट प्रोग्रॅमशी जुळत नाहीत. यापेक्षा स्पष्ट संदेश ओडीबीसीत क्वचितच मिळतो. आयएम००३ म्हणजे ड्रायव्हरची नोंद आहे, पण फाइल उघडता आली नाही. ०८००१ म्हणजे सर्व्हरपर्यंत जोडणी झाली नाही, अशा वेळी पोर्टची चाचणी पुन्हा करावी. २८००० म्हणजे सर्व्हरने खाते किंवा पासवर्ड नाकारला. हा शेवटचा संकेत आला, तर एका अर्थी ती चांगली बातमी आहे, कारण ड्रायव्हर, बिट, पोर्ट आणि सर्व्हर हे सर्व बरोबर असल्याशिवाय तिथपर्यंत पोहोचताच येत नाही.

संदेशावरून उलगडा झाला नाही, तर ॲडमिनिस्ट्रेटरमधील ट्रेसिंग टॅबमधून नोंदवही सुरू करता येते. काम झाले की ती लगेच बंद करून फाइल पुसून टाकावी. चालू राहिली, तर प्रोग्रॅम अतिशय संथ होतो, फाइल वाढत जाते आणि तिच्यात क्वेरीबरोबर नाजूक माहितीही उघडपणे लिहिली जाऊ शकते.

पासवर्ड कुठे राहतो

पोस्टग्रेस्क्यूएल आणि मायएसक्यूएलच्या चौकटीत पासवर्डचा रकाना असतो. तिथे भरलेला पासवर्ड रजिस्ट्रीत साध्या, वाचता येण्याजोग्या स्वरूपात राहतो, आणि सिस्टम डीएसएन असेल, तर त्या संगणकाच्या इतर खात्यांनाही तो वाचता येतो. एसक्यूएल सर्व्हरचा ड्रायव्हर तो साठवत नाही. तिथे विंडोज खात्यानेच प्रवेश देणे हा सर्वांत चांगला पर्याय आहे. पासवर्ड ठेवण्यावाचून गत्यंतर नसेल, तर वर सांगितलेले वाचनापुरते खातेच वापरावे, म्हणजे तो कोणाच्या हाती लागला तरी नुकसानीला मर्यादा राहते. ॲक्सेसमध्ये टेबल जोडताना येणाऱ्या सेव्ह पासवर्ड या खुणेलाही हेच लागू आहे.

अनेक संगणकांवर आणि पुढे

दहा-वीस संगणकांवर तोच सोर्स हवा असेल, तर प्रत्येक ठिकाणी हाताने भरू नये. विंडोज ८ पासून पॉवरशेलमध्ये ॲड-ओडीबीसीडीएसएन ही आज्ञा आहे. तिला सोर्सचे नाव, ड्रायव्हरचे नाव, प्रकार, बिट आणि सर्व्हरची माहिती दिली की सोर्स तयार होतो. ड्रायव्हरचे नाव मात्र यादीत दिसते तसे, कंसासकट आणि एकही जागा इकडेतिकडे न होता लिहावे लागते. गेट-ओडीबीसीड्रायव्हर या आज्ञेने येणाऱ्या यादीतून ते नक्कल करून घेणे सुरक्षित.

लिनक्सवर हेच काम युनिक्स-ओडीबीसी करते. तिथे रजिस्ट्री नसते, दोन मजकूर-फाइली असतात: ओडीबीसीइन्स्ट नावाच्या फाइलीत ड्रायव्हरांची नोंद आणि ओडीबीसी नावाच्या फाइलीत सोर्सची. त्या नेमक्या कोणत्या फोल्डरमधून वाचल्या जातात हे ओडीबीसीइन्स्ट या आज्ञेला ‘-j’ हा पर्याय दिल्यावर कळते, आणि चाचणीसाठी आयएसक्यूएल हे छोटे साधन असते.

राहिला ड्रायव्हर अद्ययावत करण्याचा प्रश्न. सोर्स तयार होताना त्याच्या नोंदीत त्या वेळचा ड्रायव्हर कायमचा लिहिला जातो. एसक्यूएल सर्व्हरचे ड्रायव्हर १७ आणि १८ शेजारी शेजारी राहतात, त्यामुळे १८ बसवला तरी जुना सोर्स १७ च वापरत राहतो, आणि कोणी साफसफाई करताना १७ काढून टाकला की त्याच दिवशी तो सोर्स बंद पडतो. ॲडमिनिस्ट्रेटरमधून सोर्सचा ड्रायव्हर बदलता येत नाही. म्हणून जुन्या सोर्सची सर्व सेटिंग कागदावर उतरवून घ्यावी, तो काढून त्याच नावाने नव्या ड्रायव्हरवर दुसरा तयार करावा, प्रत्येक प्रोग्रॅममधून एकदा उघडून पाहावा आणि मगच जुना ड्रायव्हर काढावा.